संगणकाची न मिटलेली वही

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले वाळपई हे सत्तरी तालुक्याचे मुख्य ठिकाण. म्हादईचे खोरे, भोवती दाट रान, डोंगरउतारावर काजू आणि सखल भागात कुळागरे, असा या प्रदेशाचा थाट आहे. गोव्यात सर्वाधिक पाऊस झेलणाऱ्या ठिकाणांत वाळपईचे नाव नेहमी घेतले जाते. मृग नक्षत्र लागले की रानातून गेलेल्या विजेच्या तारांवर फांद्या मोडून पडतात आणि वीज जाते. घटकाभराने येते, पुन्हा जाते. दिव्यापुरताच विजेचा उपयोग होता, तोवर या जाण्यायेण्याची नोंद कोणी ठेवीत नसे. अंधार पडला की कंदील लावावा, वीज आली की तो मालवावा, एवढाच तो व्यवहार होता. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कचेऱ्या, बँका, शाळा व छपाईची दुकाने यांतून संगणक दिसू लागले, आणि विजेच्या प्रत्येक अवेळी जाण्याची नोंद ठेवणारे एक यंत्र प्रथमच गावात आले.

ही नोंद दिसे ती यंत्र पुन्हा सुरू करताना. नेहमीचे चित्र उमटण्याऐवजी पडदा निळा किंवा काळा होई, त्यावर इंग्रजी मजकुराच्या ओळी येत आणि डिस्कची तपासणी चालू असल्याचे यंत्र सांगे. एकदा असे घडले तर कोणी मनावर घेत नसे. परंतु दररोज सकाळी, कित्येकदा दिवसातून दोन-तीन वेळा, तीच तपासणी होऊ लागली की दुकानदार कंटाळे, शिक्षक चिंतेत पडे आणि यंत्र दुरुस्त करणारा तंत्रज्ञ एक ठरावीक उत्तर देऊन मोकळा होई : वीज गेल्यामुळे असे होते, लक्ष देऊ नका. हे उत्तर काही वर्षे बहुतांशी बरोबर होते. पुढे ते चुकीचे झाले, आणि झालेला बदल पडद्यावर मात्र कोठेच दिसला नाही. या तपासणीचा इतिहास पाहण्याजोगा आहे तो या कारणामुळे.

डिस्कवर माहिती कशी राहते हे मराठी वाचकाला सांगण्यासाठी परकी उपमा शोधावी लागत नाही. आपल्याकडील जुन्या पेढीत दोन वह्या असत. दिवसभरातील व्यवहार घडतील तसे रोजकीर्दीत लिहिले जात, आणि मग त्या त्या नावाच्या खात्यावर ते खतावणीत चढत. आरंभीच्या संगणकांत मात्र केवळ खतावणी होती, रोजकीर्द नव्हती. एखादा मजकूर साठवायचा तर यंत्राला तीन ठिकाणी लिहावे लागे : डिस्कवरील रिकाम्या खणांच्या यादीतून काही खण कमी करणे, त्या खणांत मजकूर भरणे, आणि सूचीत त्या मजकुराचे नाव व पहिल्या खणाचा क्रमांक नोंदणे. ही तिन्ही कामे एकाच क्षणी होत नाहीत. त्यांतून वेग वाढावा म्हणून यंत्र पुष्कळसे लेखन काही काळ स्मृतीतच राखून ठेवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. मधल्या क्षणी वीज गेली की खण खर्ची पडलेले पण सूचीत नाव नाही, किंवा सूचीत नाव आहे पण खणात भलताच मजकूर, अशी विसंगती उरते. मुनीम खतावणी लिहिता लिहिता उठून गेला आणि परत आलाच नाही, तशी ही अवस्था. पुढे त्याच वहीत लिहीत राहिले तर एकाचे खाते दुसऱ्याच्या पानावर चढते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी ताळा पाहणे आवश्यक ठरते.

हा ताळा संगणकशास्त्राच्या तरुणपणापासून चालत आला आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्स या प्रणालीचा पाया घातला, आणि १९७१ च्या नोव्हेंबरात तिची पहिली माहितीपुस्तिका निघाली, तेव्हा तीतही ‘चेक’ नावाची एक आज्ञा होती. त्या काळी दोष दाखवण्याचे काम यंत्र करी. दुरुस्ती मात्र जाणकार माणसाला हाताने करावी लागे, आणि एक आकडा चुकला तरी उरलेसुरले नष्ट होण्याची भीती असे. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात टी. जे. कोवाल्स्की यांनी दोष शोधणे व दुरुस्त करणे ही दोन्ही कामे करणारी ‘एफएससीके’ ही आज्ञा सिद्ध केली. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात मार्शल कर्क मॅकक्यूसिक यांनी तिला आपल्या नव्या रचनेशी जुळवून घेतले. क्रमाने पाच टप्प्यांत ती सर्व डिस्क पालथी घाली. कोणाचेच नाव नसलेले मजकूर सापडले तर त्यांना ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात आणून ठेवी. रेल्वेस्थानकावर बेवारस सामान जमा करतात त्याच रीतीचे हे नाव आहे. विद्यापीठातील युनिक्स यंत्राभोवती जाणकार माणसे असत. तपासणी चालू झाली तर ती का झाली, हे त्यांना कोणी सांगावे लागत नसे.

घरगुती संगणकाची गोष्ट वेगळी होती. १९८१ साली आयबीएमच्या छोट्या संगणकाबरोबर आलेल्या डॉस प्रणालीत ‘चेकडिस्क’ ही आज्ञा होती, आणि १९९३ च्या डॉस ६.२ मध्ये ‘स्कॅनडिस्क’ हे अधिक समर्थ साधन आले. पण ती चालवायची की नाही, हे वापरणाऱ्याच्या मनावर होते. १९९५ च्या विंडोज ९५ च्या पहिल्या आवृत्तीतही हीच स्थिती राहिली. १९९६ साली त्या प्रणालीची जी दुसरी आवृत्ती नव्या यंत्रांबरोबर येऊ लागली, तिच्यात प्रथमच तपासणी आपोआप सुरू होऊ लागली. त्यासाठी योजलेली युक्ती साधी व चतुर होती. डिस्कवरील खणांच्या कोष्टकाच्या आरंभी दोन घरे राखीव असतात. त्यांपैकी दुसऱ्या घरातील एक खूण यंत्र काम सुरू करताना पुसून टाकी आणि रीतसर बंद होताना पुन्हा लिही. पुढच्या वेळी खूण जागेवर असली तर वही नीट मिटलेली होती. नसली तर ती उघडीच राहिली होती. त्याच घरात आणखी एक खूण होती. डिस्कवर वाचता-लिहिताना प्रत्यक्ष अडथळा आला, म्हणजे चुंबकीय पृष्ठभागच कोठे तरी बिघडला असण्याचा संभव दिसला, तर ती दुसरी खूण बदले.

पहिल्या खुणेचा अर्थ वही मिटली नाही असा आणि दुसरीचा अर्थ कागद फाटू लागला असा. एकीला औषध म्हणजे तपासणी पुरी होऊ देणे. दुसरीला औषध म्हणजे आधी सारा मजकूर दुसरीकडे उतरवून घेणे. दोन्हींच्या वेळी पडद्यावरील सूचनेचे शब्द निराळे असत. परंतु इंग्रजी मजकूर वाचण्याच्या भानगडीत न पडता कळ दाबून पुढे जाण्याची सवय एव्हाना सगळीकडे लागली होती, आणि ती केवळ सत्तरीतच लागली होती असे नव्हे.

या सूचनेतील आणखी एक गोष्ट आज वाचताना खटकते. यंत्र रीतसर बंद केले गेले नाही म्हणून तपासणी होत आहे, असे सांगून झाल्यावर ती वापरणाऱ्याला समज देई की हा संदेश पुन्हा पाहावयाचा नसेल, तर यापुढे यंत्र नेहमी योग्य रीतीने बंद करीत जावे. सूचना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अखंड वीज असलेले शहर होते, हे उघड आहे. वाळपईच्या बाजारपेठेत नाटकाची हस्तपत्रके वा लग्नपत्रिका जुळवीत बसलेल्या माणसाने यंत्र बंद केलेलेच नसे. ते त्याच्या हातातून गेलेले असे. तरीही दोष त्याच्या माथी येई, आणि तो स्वतःही तसे मानू लागे. यूपीएस नावाची बॅटरीची पेटी जवळ असली तर काही मिनिटे मिळत. पण त्या पेटीतील शिसे-आम्लाची बॅटरी काही वर्षांतच थकते, आणि वारंवार खंडित होणाऱ्या विजेवर ती आणखी लवकर थकते.

याहून विलक्षण प्रकार पुढे उघडकीस आला. नवे संगणक असे निघाले की आज्ञा दिल्यावर ते स्वतःच आपला वीजप्रवाह तोडीत. तोवर ‘आता यंत्र बंद करण्यास हरकत नाही’ असे वाक्य पडद्यावर येई आणि माणूस हाताने बटण दाबी. त्या दोन-चार सेकंदांत डिस्कला आपले राहिलेले लेखन पुरे करण्यास उसंत मिळे. यंत्रे वेगवान झाली, डिस्कच्या पोटातील तात्पुरती स्मृतीही मोठी झाली, आणि माणसाचा तो सहज विलंब मधून निघून गेला. परिणाम असा झाला की विंडोज ९८ चालवणाऱ्या काही यंत्रांत डिस्कने हातातले लेखन उतरवण्यापूर्वीच वीज तुटू लागली. माणसाने सर्व काही नियमाप्रमाणे केले, तरी दुसऱ्या दिवशी तपासणी ठरलेलीच, आणि वर ‘योग्य रीतीने बंद करीत जा’ हा उपदेशही ठरलेलाच. अखेर मायक्रोसॉफ्टला यासाठी वेगळी दुरुस्ती प्रसिद्ध करावी लागली. वीज तोडण्यापूर्वी यंत्राने किंचित थांबावे, एवढेच तिचे मुख्य काम होते. ही दुरुस्ती मिळवण्यासाठी इंटरनेट हवे, आणि अशी काही दुरुस्ती असते ही वार्ताही हवी. तालुक्याच्या गावी त्या काळी दोन्हींचा तुटवडा होता.

खतावणीच्या जोडीला रोजकीर्द ठेवावी हा विचार संगणकाच्या जगात बँकांच्या व्यवहारासाठी बनवलेल्या माहितीसंचांतून आला. कोणताही बदल मूळ ठिकाणी करण्यापूर्वी ‘मी असा असा बदल करणार आहे’ हे एका छोट्या वहीत प्रथम लिहावयाचे. वीज गेलीच, तर परत आल्यावर सारी खतावणी तपासण्याचे कारण नाही. त्या छोट्या वहीची अखेरची पाने वाचून अर्धवट काम पुरे करावे किंवा रद्द करावे. झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रातील सीडर प्रणालीत ही पद्धत वापरल्याचे वर्णन १९८७ साली प्रसिद्ध झाले. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेली ‘एनटीएफएस’ ही रचना याच तत्त्वावर उभी आहे. सामान्य घरांत व दुकानांत ती पोचली ती २००१ च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी निघाल्यानंतर, हळूहळू.

आणि येथेच अर्थ फिरला. जुन्या रचनेत वीज गेली की वही उघडी राहिल्याची खूण हटकून राही आणि तपासणी हटकून होई. नव्या रचनेत रोजकीर्द वाचून यंत्र स्वतःला क्षणार्धात सावरते. नुसती वीज गेली एवढ्यावरून ते सहसा तपासणी मागतच नाही. येथे तपासणीची खूण उमटते ती नोंदींचा परस्परांशी मेळ बसत नाही असे प्रणालीला काम करता करता प्रत्यक्ष आढळले म्हणजे. विंडोज ९८ मध्ये रोजची तपासणी म्हणजे बहुधा विजेची कहाणी होती. एनटीएफएसवरील रोजची तपासणी म्हणजे बहुधा डिस्क, तिची तार, स्मृतीची पट्टी किंवा एखादे सदोष सॉफ्टवेअर यांपैकी कशाची तरी तक्रार असते. पडदा तसाच, इंग्रजी ओळी तशाच, टक्केवारीचे वाढत जाणारे आकडेही तसेच. ‘वीज गेल्यामुळे होते, लक्ष देऊ नका’ हे उत्तर एका पिढीच्या यंत्रावर शिकून तंत्रज्ञांनी ते दुसऱ्या पिढीच्या यंत्रावर लागू केले. ज्या गावी वीज खरोखरच रोज जाते, त्या गावी हे उत्तर खोटे ठरण्यास फार वेळ लागतो, कारण कारण म्हणून दाखवण्यास वीज सदैव हजर असते. शाळेचे निकाल, सोसायटीची खाती, वर्षानुवर्षे जुळवलेली पुस्तके अशा वस्तू या समजुतीपायी धोक्यात येतात, आणि डिस्क एक दिवस अजिबात फिरेनाशी झाली म्हणजे ‘अकस्मात गेली’ असे म्हटले जाते. वस्तुतः ती महिना-दोन महिने आधीपासून सांगत असण्याचा संभव मोठा.

या बाबतीत यंत्राने एक आडवाटही ठेवलेली आहे. ‘चेकएनटीएफएस’ या आज्ञेने एखाद्या डिस्कला आरंभीच्या तपासणीतून वगळता येते. रोजची कटकट थांबते, गिऱ्हाईक संतुष्ट होते. पण खूण तेथेच राहते. ती वाचणारा तेवढा गप्प बसवला जातो. जाणकारांची रीत याच्या उलट आहे. मजकुराची दुसरी प्रत काढून ठेवल्याशिवाय ते पुढचे पाऊल टाकीत नाहीत. थकलेल्या डिस्कवर दीर्घ तपासणी चालवणे हाच कधीकधी तिला अखेरचा धक्का ठरतो. मग ते पाहतात की तपासणी शेवटापर्यंत जाते की नाही. आरंभी काही सेकंद कोणतीही कळ दाबून ती टाळण्याची मुभा असते, आणि घाईची माणसे ती दररोज टाळतात; अशा यंत्रावर खूण जाणारच नाही, कारण ती पुसण्याचा अधिकार पुऱ्या झालेल्या तपासणीलाच आहे. तपासणी अर्ध्यावर त्याच त्या ठिकाणी अडखळत असेल तर पृष्ठभागाची शंका येते. ती पुरी होऊनही दुसऱ्या दिवशी परत येत असेल, तर आधी कोणी सांगून ठेवलेली तपासणी यादीतून निघाली नसल्याचे पाहावे लागते. यादी कोरी आणि तरीही खूण रोज नव्याने उमटते, असे दिसले की मग संशय डिस्कबाहेर जातो : सैल झालेली किंवा गंजलेली तार, सदोष स्मृती. कोकण-गोव्याच्या दमट हवेत जोडणीच्या टोकांवर गंज चढणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या नावाने ठेवते. वाचता न आलेल्या जागांची संख्या तीत वाढत असेल तर वादाला जागा उरत नाही.

गोव्यातील शाळांत या प्रश्नाने आणखी एक रूप घेतले. नव्या शतकाच्या आरंभी राज्य सरकारच्या ‘सायबरएज’ योजनेने विद्यार्थ्यांच्या घरांत संगणक नेले. ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ या उपक्रमाने परदेशांत वापरून झालेली यंत्रे शाळांना मिळवून दिली, आणि शाळांतील कित्येक यंत्रांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली चालू लागली. लिनक्सची त्या काळची ‘एक्स्टटू’ ही रचना १९९३ सालची. रेमी कार्ड, थिओडोर त्सो व स्टीफन ट्वीडी यांनी घडवलेली. तिच्यात रोजकीर्द नव्हती. शिवाय तिच्यात एक नेम होता : वही नीट मिटलेली असली तरी ठरावीक वेळा उघडली गेली, किंवा सहा महिने उलटले, की ताळा पाहायचाच. उघडण्याची ही मर्यादा साधारण वीसच्या घरात असे. खराब तार, खराब स्मृती किंवा प्रणालीतील चूक यांमुळे कोणतीही खूण न उमटता मजकूर बिघडू शकतो, म्हणून हा नेम. आणि तो विचाराचा होता यात शंका नाही. पण दिवसातून एकदा उघडणाऱ्या यंत्राला हा नेम तीन आठवड्यांनी आठवतो, तर दिवसातून चार वेळा उघडणाऱ्या यंत्राला पाचव्या दिवशीच. नेम सर्वांस सारखा, पण पावसाळ्यातील सत्तरीत तो चौपट कडक होई.

ट्वीडी यांनी याच रचनेला रोजकीर्द जोडली. ‘एक्स्टथ्री’ या नावाने ती २००१ च्या नोव्हेंबरात लिनक्सच्या मूळ गाभ्यात दाखल झाली. वीज गेल्यानंतरची लांबलचक तपासणी त्यामुळे थांबली. ठरावीक वेळी होणारा ताळा मात्र पुढे कित्येक वर्षे तसाच चालू राहिला; २०११ साली नव्याने घडवलेल्या डिस्कांपुरता तो आपोआप होणे बंद करण्यात आले, कारण डिस्क इतक्या अवाढव्य झाल्या होत्या की ताळा पाहता पाहता कामाचा वेळ संपे.

घड्याळाचा प्रकार तर कोणाच्याही ध्यानी येण्याजोगा नाही. संगणकाच्या आत नाण्याएवढा, तीन व्होल्टचा एक सेल असतो. वीज नसताना तारीख व वेळ चालू ठेवणे हे त्याचे काम. जुन्या यंत्रांत हा सेल संपलेला असणे अगदी साधी गोष्ट आहे. भिंतीवरील बटण चालू असेपर्यंत यंत्राला थोडा प्रवाह मिळत राहतो आणि घड्याळ चालते. पण गडगडाटी पावसाच्या दिवसांत विजेच्या लोळापासून यंत्रे वाचावीत म्हणून शाळा सुटताना मुख्य बटणच बंद करण्याची दक्षता घेतली जाते, आणि मग सेल संपलेले घड्याळ रातोरात कित्येक वर्षे मागे जाते. सकाळी एखादा काळजीवाहू शिक्षक तारीख पाहतो आणि ती सुधारतो. संध्याकाळी यंत्र नीट बंद होताना लिनक्स डिस्कवर खरी तारीख लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी घड्याळ पुन्हा मागे गेलेले. डिस्कवर मात्र काल लिहिलेली तारीख भविष्यकाळातील. वहीत उद्याच्या तारखेचा व्यवहार आढळला तर कोणताही हिशेबनीस चमकेल, तशी प्रणाली चमकते आणि सारा ताळा पाहू लागते. तारीख न सुधारणाऱ्या आळशी माणसाला हा त्रास कमी, आणि रोज सुधारणाऱ्याला रोज! अखेर किरकोळ किमतीचा एक सेल बदलला की सारे शांत होते. विंडोजची डिस्कतपासणी तारखेकडे अशा रीतीने पाहत नाही. म्हणून विंडोजवर शिकलेल्या तंत्रज्ञाला हे कारण सुचण्याचा संभव अगदी थोडा.

भारतीय वेळेचाही यात किंचित वाटा होता. विंडोज संगणकाच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्सला तेथे ग्रिनिचची वेळ असणे पसंत आहे. एकाच यंत्रावर दोन्ही नांदत असतील आणि मांडणी चुकली असेल, तर साडेपाच तासांचा फरक पडतो, आणि साडेपाच तास पुढचा काळ हाही भविष्यकाळच. पुढे लिनक्सच्या तपासणीकारांनी चोवीस तासांपर्यंतचा असा फरक क्षम्य मानण्याची सोय केली. तीत विंडोजच्या या रिवाजाविषयी त्यांनी आपली नापसंती लिहून ठेवायला कमी केले नाही.

त्यानंतरच्या काळाविषयी फार सांगण्यासारखे नाही. २०१२ च्या विंडोज ८ पासून तपासणीचे बहुतेक काम यंत्र चालू असतानाच होते आणि आरंभी नेमका दोष तेवढा काही क्षणांत दुरुस्त केला जातो. त्याच वेळी आलेल्या ‘जलद आरंभ’ या सोयीमुळे मात्र बंद केलेले यंत्र पूर्ण बंद होत नाही; त्याचा गाभा झोपी जातो. अशा झोपलेल्या डिस्कवर दुसऱ्या प्रणालीतून काही लिहिले गेले तर जागे झाल्यावर पुन्हा विसंगती, आणि पुन्हा तपासणी. फिरत्या तबकडीची जागा आता स्थिर स्मृतीच्या डिस्कने घेतली आहे, ती लेखन करते ते वेगळ्या रीतीने. तरी अर्धवट लेखनाचा धोका तीतही अगदी नाहीसा झालेला नाही.

जुन्या तपासण्यांचे अवशेष मात्र अजून पुष्कळ ठिकाणी पडून असतील. स्कॅनडिस्कला बेवारस खण सापडले की ती त्यांची ‘फाइल’ आणि चार आकडे अशा नावाची पत्रावळ तयार करून डिस्कच्या मुळाशी ठेवी. पहिलीचा क्रमांक चार शून्ये, दुसरीचा एक, असा क्रम. कोणी ती उघडून पाहिली तर तीत इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गोंधळ दिसे, आणि कचरा समजून ती पुसली जाई. त्या दशकात मराठी मजकूर श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या साधनांनी लिहिला जात असे, आणि जुन्या फाँटांत देवनागरी अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. योग्य फाँट लावला नाही तर शुद्ध मराठी वाक्यही गोंधळच दिसणार. त्या फाँटांतील मजकूर युनिकोडमध्ये आणणारी साधने आज उपलब्ध आहेत. एखाद्या बंद पडलेल्या दुकानाची जुनी डिस्क कोणाच्या कपाटात असेल आणि ती अजून वाचता येत असेल, तर त्या चार शून्यांच्या फायलीत एखाद्या जत्रेच्या नाटकाचे हस्तपत्रक, किंवा त्याचा अर्धा भाग, वाचण्याजोगा निघू शकेल.